सांगलीत दोन गुंठ्यांवर घर : कर्ज किती काढायचं, काम कधी लावायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही कुपवाड एमआयडीसीत नोकरीला, पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, दोघांचा मिळून हातात येणारा पगार ६८ हजार. त्यातले ९ हजार भाड्याला आणि साडेआठ हजार गाडीच्या हप्त्याला जातात, गाडीचे हप्ते अजून दोन वर्षं आहेत. विश्रामबागच्या पुढे, कुपवाड रस्त्याच्या आतल्या बाजूला गुंठेवारीतला (म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतला) दोन गुंठ्यांचा प्लॉट तुमच्या नावावर आहे. शिल्लक ९ लाख. ठेकेदारानं मटेरियलसह १,७५० रुपये फूट दर सांगितलाय, म्हणजे खाली-वर मिळून २,००० फुटांचं घर ३५ लाखांत. बँक ३० लाख द्यायला तयार. तुमचे ९ आणि बँकेचे ३०, झाले ३९. घर ३५ चं, वर ४ लाख उरतातच, शिवाय वडील उसाच्या बिलातून ३ लाख देणार आहेत. ठेकेदार ५ लाख उचल मागतोय आणि अक्षय्य तृतीयेला काम लावू म्हणतोय. लावू का?

या हिशेबावर लावू नका. भूमिपूजन अक्षय्य तृतीयेला खुशाल करा, नारळ फोडायला बँकेची मंजुरी लागत नाही. पण पाया खणायचा तो दसऱ्यानंतर, आणि खणायचा तो आधी तळमजल्यापुरत्या घराचा. कारणं सविस्तर सांगतो, कारण तुमचे काही आकडे मला इथून दिसत नाहीत आणि ते वेगळे निघाले तर उत्तरही बदलेल.

आधी माझी बाजू सांगतो. मी सिव्हिल इंजिनिअर. सांगली-मिरज, तासगाव, पलूस या भागात घरं बांधून देतो आणि बँकांसाठी एस्टिमेट, व्हॅल्युएशन (घराची किंमत ठरवणं) हेही करत आलोय. त्यामुळे घरमालक कुठं अडकतो ते दोन्हीकडून बघायला मिळतं. बहुतेक लोक एकूण रकमेची बेरीज बरोबर करतात. चुकतं ते पैसे कुठल्या महिन्यात लागणार आणि कुठल्या महिन्यात हातात येणार याचं. ठेकेदाराला पैसे कामाआधी लागतात, बँक काम झाल्यावर देते. या मधल्या फटीत माणूस पतसंस्थेचं दीड-दोन टक्के महिन्याचं कर्ज उचलतो, आणि गृहकर्जाच्या व्याजदरात पाव टक्का वाचवायला चार बँका फिरलेला असतो ती सगळी कमाई तिथं जाते.

आता १,७५० च्या दराकडे येऊ. दर चढा की उतरता यावर मी बोलणार नाही, तो कामाच्या प्रतीवर आहे. मला विचारायचंय ते हे की फूट मोजणार कसे? आपल्याकडे ठेकेदार स्लॅबच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजतो. भिंतींची जाडी, जिना, पोर्च, बाल्कनी, काही ठिकाणी जिन्यावरची टोपीसुद्धा त्यात येते. तुम्ही नकाशावर खोल्यांची मापं बेरीज करून २,००० म्हणत असाल तर त्याच्या वहीत ते सव्वादोन हजारांच्या पुढे जाईल. दर ठरवण्याआधी मोजणीची पद्धत ठरवा आणि नकाशावर पेन्सिलनं कड आखून दोघांनी सही करा.

दुसरा प्रश्न, दरात काय नाही? विचारलंत तर ठेकेदार प्रामाणिकपणे सांगतो, पण कुणी विचारत नाही. साधारणपणे पाया चार-पाच फुटांपर्यंतच दरात असतो, त्याखालची खोली जादा. जोत्यातली मुरमाची भर ठरावीक उंचीपर्यंत. कंपाउंड, गेट, पाण्याची जमिनीतली टाकी, ड्रेनेजची जोडणी किंवा शौचटाकी, बोअर, लाइटचं मीटर, महापालिकेचं विकास शुल्क, आर्किटेक्ट आणि आरसीसी डिझायनरची फी, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या, कपाटं, पंखे, दिवे, हे सगळं बाहेर. आणि वास्तुशांत. वास्तुशांतीचा खर्च कुणीच एस्टिमेटमध्ये धरत नाही, पण पाहुण्यांना जेवू घातल्याशिवाय कुणी घरात राहायला गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

तुमच्यासारख्या प्लॉटला या बाहेरच्या गोष्टींना मी ढोबळ १० लाख धरतो, दोन मजले एकदम केलेत तर साडेअकराच्या आसपास. दोन मजल्यांचे ३५, दराबाहेरचे साडेअकरा, आणि अडीअडचणीला ठेक्याच्या रकमेवर दहा टक्के म्हणजे साडेतीन. झाले ५० लाख. तुमच्याकडे ३९ आहेत, आणि त्यातले २ लाख दवाखान्यासाठी म्हणून बँकेत राहायलाच हवेत. म्हणजे तूट ४ लाख शिलकीच्या जागी १३ लाखांची आहे. यातले एक-दोन आकडे तुम्ही खाली आणाल, कंपाउंडच्या दोन भिंती शेजाऱ्यांनी आधीच घातल्या असतील, पण १३ लाखांची तूट काटकसरीनं भरून निघत नाही. त्यासाठी घर लहान करावं लागतं.

फक्त तळमजला धरू. बाहेरून बाहेर १,१०० फूट. दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर, जिना आतून किंवा बाजूनं, यात सगळं बसतं. दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. प्लॉट ३३ बाय ६६ असेल तर पुढं, मागं आणि बाजूला सोडायची जागा सोडून एवढं बांधकाम आरामात बसावं, नेमकं रस्त्याच्या रुंदीवर ठरेल. १,१०० गुणिले १,७५० म्हणजे १९ लाख २५ हजार. दराबाहेरचे १० लाख, अडीअडचणीचे २ लाख. एकूण ३१ लाखांच्या जवळ. यातली कंपाउंड आणि ट्रॉल्या-कपाटं ही साडेतीन लाखांची कामं सहा महिने-वर्ष पुढं ढकलता येतात. राहायला जायला ती लागत नाहीत. म्हणजे आत्ता लागणार साडेसत्तावीस ते अठ्ठावीस. तुमचे ७, बँकेचे २१-२२. वडिलांचे ३ लाख आले की कंपाउंड आणि ट्रॉल्या.

वडिलांच्या पैशांबद्दल वाईट वाटून घेऊ नका. कायद्यानं ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) मिळायला हवी, पण बिल कधी आणि किती तुकड्यांत येतं हे तुमच्या वडिलांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. शिवाय त्यातून सोसायटीचं पीककर्ज आधी वळतं होतं. म्हणून उसाच्या पैशांवर स्लॅब धरायचा नाही. स्लॅबला सेंटरिंग (काँक्रीट ओतायला खालून दिलेला तात्पुरता आधार) लागलं की काम थांबवता येत नाही. कंपाउंडला थांबता येतं.

हप्त्याचं गणित बघा. साडेआठ टक्के दरानं २० वर्षांसाठी लाखाला महिना साधारण ८६८ रुपये पडतात. ३० लाखांना २६ हजार, २२ लाखांना १९ हजार. पहिली दोन वर्षं गाडीचे साडेआठ हजार धरले तर ३० लाखांच्या कर्जात ६८ मधले साडेचौतीस हजार हप्त्यातच जातात, म्हणजे निम्मा पगार. बँक कागदावर ते बसवून देईल. पण बँक मुलांची फी आणि आईचं डोळ्याचं ऑपरेशन बघत नाही. २२ लाखांत साडेसत्तावीस हजार जातात आणि ९ हजारांचं भाडं थांबतं. तरीही ओढाताण आहे, पण झेपेल अशी.

लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे बांधकाम चालू असतानाचं व्याज. बँक जेवढी रक्कम सोडेल तेवढ्यावर व्याज लगेच सुरू होतं. १५ लाख उचलून झाले की साडेआठ टक्क्यांनी महिन्याला साडेदहा हजारांच्या वर व्याज, आणि भाडं चालूच. काम जितकं रेंगाळेल तितके हे दुहेरी पैसे जातात. त्यामुळे चार पैसे कमी सांगणारा पण तीन साइट एकदम चालवणारा ठेकेदार स्वस्त पडत नाही.

एक व्यवहारी सूचना. मंजुरी २५ लाखांची घ्या, उचल २२ चीच करा. व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं, आणि मधेच वाढीव कर्ज मागायला गेलात तर कागदपत्रं पुन्हा पहिल्यापासून. २५ वर थांबायचं आणखी एक कारण आहे. १ सप्टेंबर २०२४ पासून प्रधानमंत्री आवास योजना शहरीचा जो दुसरा टप्पा सुरू झाला, त्यात व्याज अनुदान आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, आणि देशात कुठंही तुमच्या कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नको. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. गावचं घर वडिलांच्या नावावर असेल तर ते आड येत नाही. हातात येणारा पगार वर्षाला ८ लाख १६ हजार होतो, पण कपातीआधीचा ९ च्या आत आहे का ते तपासा. बसत असाल तर बँकेला पहिल्याच दिवशी सांगा. ३० लाखांचं कर्ज काढलंत की हा दरवाजा बंद.

बँक किती टक्के देते यावर गोंधळ असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के देता येतात. ही कमाल मर्यादा आहे, बँक द्यायला बांधील नाही. प्लॉटची किंमत तुमच्या हिश्शात धरायची की नाही हे बँकेबँकेवर आहे, आणि प्लॉट घेऊन किती वर्षं झाली यावरही. हे शाखेत स्पष्ट विचारा, कारण तुमचे ७ लाख आधी घालायचे की कर्जाबरोबर घालायचे हे त्यावर ठरतं. बहुतेक ठिकाणी आधी तुमचे घाला असं सांगतात.

म्हणूनच ५ लाख उचल देऊ नका. तुमच्या ७ लाखांतून नकाशा, मंजुरी, डिझाइन, शुल्क यांना दीड लाख जाणार. उरले साडेपाच. ठेकेदाराला ५ दिलेत तर जोत्यापर्यंत पोचायच्या आत खिसा रिकामा, आणि जोतं झाल्याशिवाय बँकेचा पहिला हप्ता नाही. २ लाख द्या, तेही सळी आणि सिमेंट साइटवर उतरताना. पुढं जोतं झालं की इतके, स्लॅब पडला की इतके, वीटकाम-गिलावा, मग फरशी-रंग, असे टप्पे बँकेच्या टप्प्यांशी जुळवून करारात लिहा. बँक आणि ठेकेदार यांचे टप्पे वेगवेगळे असले की फट पडलीच. शेवटचे पाच टक्के एक पावसाळा गेल्यावर द्यायचे. चांगला ठेकेदार यावर कुरकुरतो पण मान्य करतो. अजिबात नाही म्हणाला तर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर त्याचाच भरवसा नाही असं मी समजतो.

मिरजेतल्या एका कामाचं सांगतो. मालकानं बँकेकडून जास्त कर्ज मिळावं म्हणून एस्टिमेट फुगवून घेतलं होतं. २६ लाखांचं घर कागदावर ३८ चं. मंजुरी छान मिळाली. पण टप्प्याची पाहणी करायला आलेल्या व्हॅल्युअरनं ३८ लाखांच्या हिशेबानं काम मोजलं. त्या मापानं काम मागं दिसलं, हप्ता अर्धाच सुटला. सेंटरिंग लागलेलं, सळी बांधून झालेली, आणि काँक्रीटला पैसे नाहीत. तशात वळवाचा पाऊस सुरू झाला. सळीवर तांबेरा चढला, सेंटरिंगवाल्याचं भाडं रोज चढत राहिलं, आणि शेवटी मालकिणीच्या पाटल्या गहाण पडल्या. एस्टिमेट खरं ठेवा. फुगवलेलं एस्टिमेट प्रत्येक टप्प्याला तुमच्याकडूनच वसूल होतं.

जमिनीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या भागात घराचं बजेट इथंच हलतं. तुमच्या प्लॉटवर काळी माती आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ती ओझरती गोष्ट नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिलमध्ये प्लॉटवर जाऊन बघा, भेगांत हाताची बोटं जातील. पाया या थरात ठेवला तर दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर जाते आणि ती कितीही भरली तरी पुढच्या उन्हाळ्यात परत दिसते. पाया मुरमात किंवा घट्ट थरात जायला हवा. मुरूम पाच फुटांवर लागला तर तुमचं नशीब. आठ-नऊ फुटांवर गेला तर खर्च लाख-दीड लाखानं वाढतो. त्याहून खाली गेला तर पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवरच्या पायाचा, विचार करावा लागतो. हे ठेकेदाराशी दर ठरवण्याआधी कळायला हवं, नंतर नाही. जेसीबी बोलवा, घराच्या दोन कोपऱ्यांच्या जागी खड्डे काढा. काही हजारांत काम होतं. आरसीसी डिझायनरला खड्ड्यात उतरवून थर दाखवा. शेजारच्या घराचा पाया किती खोल गेला तेही विचारा, पण त्यावर विसंबू नका. एकाच गल्लीत दोन-तीन फुटांचा फरक मी पाहिलाय.

जोत्याची उंचीही इथंच ठरवा. तुमचा भाग कृष्णेच्या पुरापासून लांब आहे हे खरं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, २०२१ लाही गावभागात (जुन्या सांगलीत) आणि नदीकाठच्या उपनगरांत घुसलं होतं. तिकडचा प्लॉट असता तर मी पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय पुढं एक ओळ लिहिली नसती. तुमच्याकडे प्रश्न पावसाच्या साठणाऱ्या पाण्याचा. सखल गुंठेवारीत गटारं नसतात, काळ्या मातीत पाणी मुरत नाही, आणि रस्ता दर डांबरीकरणाला इंच-दोन इंच वर येतो. रस्त्यापासून तीन फूट जोतं ठेवा. १,१०० फुटांवर तीन फूट भर म्हणजे ३३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), धुमसून दाबल्यावर बसते म्हणून ४० ब्रासच्या आसपास मुरूम आणावा लागतो. दरात किती फुटांची भर धरलीय हे विचारायचं म्हटलं ते याच्यासाठी. आणि उकरलेली काळी मातीच जोत्यात परत लोटू देऊ नका. हे फार होतं. नंतर फरशी खचते.

वेळेचं कारणही मातीतच आहे. अक्षय्य तृतीया एप्रिल-मेमध्ये येते. नकाशा मंजूर नाही, कर्ज मंजूर नाही, तरी काम लावलंत तर जूनच्या पहिल्या पावसात तुमचे खड्डे उघडे असतील. काळ्या मातीच्या कडा ढासळतात, तळाला चिखल होतो, पंप लावून पाणी उपसायचं आणि परत खणायचं. त्यापेक्षा पावसाळाभर कागद पुरे करा. दसऱ्याला खणलंत तर दिवाळीनंतर जोतं, जानेवारी-फेब्रुवारीत स्लॅब, उन्हाळ्यात गिलावा आणि फरशी, पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर राहायला, असा क्रम बसतो. बाहेरगावचे मजूर सणाला गावी जातात तो खंड यात धरा. उन्हाळ्यात गिलाव्यावर पाणी मारायला पाणी कुठून आणणार तेही आधीच बघा. टँकरवर क्युरिंग करायचं म्हटलं की मिस्त्री एक दिवसाआड मारतो.

कागदांत तुमची गुंठेवारी हा नाजूक भाग. तुम्ही म्हणता दाखला आहे. तो २००१ च्या गुंठेवारी कायद्याखालचा नियमितीकरणाचा दाखला आहे, की नुसती अर्ज केल्याची पावती आहे, हे उघडून बघा. पावतीला दाखला समजणारे खूप भेटतात. सात-बारावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर तुमचं नाव स्वतंत्र आहे की दहा जणांबरोबर सामाईक? मोजणी होऊन तुमच्या दोन गुंठ्यांच्या हद्दी नकाशावर आल्यात का? बँकेचा वकील तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या नोंदींचा शोध, घेतो आणि बहुतेक फायली इथंच महिना-महिना पडून राहतात. प्लॉट नियमित झाला म्हणजे बांधायला परवानगी मिळाली असंही नाही. नव्या बांधकामाला महापालिकेची मंजुरी वेगळी, जोतं झाल्यावर तपासणी, आणि शेवटी भोगवटा दाखला, म्हणजे घर वापरायला महापालिकेनं दिलेली परवानगी. "आमच्या गल्लीत कुणीच घेतला नाही" हे ऐकू नका. पुढं कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं असेल किंवा घर विकायचं असेल तेव्हा तो कागद पहिल्यांदा मागतात.

कर्जाला पत्नीला सहकर्जदार कराल, करायलाच हवं. पण प्लॉट एकट्या तुमच्या नावावर असेल तर व्याजाची करसवलत त्यांना मिळत नाही, त्यासाठी मालकीत नाव लागतं. नाव लावायचं असेल तर कर्जाआधी, वकिलाला विचारून. तुम्ही नवी करप्रणाली घेत असाल तर स्वतः राहायच्या घराच्या व्याजाची सवलत तशीही नाही. जुन्यात वर्षाला २ लाखांपर्यंत आहे. करासाठी म्हणून कर्ज वाढवू नका, एवढंच. बँक कर्जाबरोबर एकरकमी विमा गळ्यात मारू बघेल, त्याचा प्रीमियम कर्जात मिसळून त्यावर वीस वर्षं व्याज. स्वतंत्र टर्म विमा घ्या. बदलत्या दराचं वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडायला २०१२ पासून दंड लागत नाही. गाडीचे हप्ते संपले की ते साडेआठ हजार तसेच इकडं वळवा.

आता वरचा मजला. तो कधीतरी बांधायचाच असेल तर पाया, कॉलम आणि बीम आत्ताच दोन मजल्यांचे डिझाइन करून घ्या. मी वर धरलेल्या एकूण रकमेत ते बसतं. जिनाही आत्ताच. स्लॅबवर कॉलमच्या सळ्या उघड्या ठेवून वर पत्र्याचे डबे घालायची आपल्याकडे पद्धत आहे. पाच वर्षांनी त्या सळीचा निम्मा जीव गेलेला असतो. सिमेंटचं पाणी लावून त्या हलक्या काँक्रीटमध्ये बुजवून टाका, बांधायच्या वेळी फोडता येतं. दोनदा काम लावल्यानं खर्च वाढतो हे खरंय, वीटवाळू परत चढवायची, घरात धूळ. पण वरच्या मजल्याला पाया, भर, टाकी, मंजुरीचा बराचसा भाग परत लागत नाही. याला एकच अपवाद मी मानतो : वरचा मजला भाड्यानं जाईल याची खात्री असेल, म्हणजे ओळखीचं कुटुंब किंवा कंपनीचे लोक आजच विचारत असतील, आणि जादा कर्जाच्या हप्त्याच्या निदान निम्मं भाडं येत असेल. तुमच्या गल्लीत दोन खोल्यांना काय भाडं मिळतं ते तुम्हीच सांगू शकाल.

काम सुरू झालं की रोज उभं राहायची गरज नाही, पण दोन वेळा सुटी काढा. एकदा सळी उतरते तेव्हा. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांबीची सळी साधारण १०.६ किलोची भरते. बिलावरचं वजन आणि नग यांचा मेळ लावा, दोन नग काट्यावर टाका. तुमच्या घराला चार टनांच्या वर सळी लागेल, तिथं पाच टक्के कमी भरली तरी दहा हजारांच्या पुढे फटका. दुसऱ्यांदा कॉलमचं काँक्रीट व्हायच्या आदल्या संध्याकाळी. रिंगांची (कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवती बांधतात त्या कड्यांची) टोकं आत, गाभ्याकडं वळवलेली हवीत, १३५ अंशांत. मिस्त्री घाईत काटकोनात वाकवून सोडतो, आणि भूकंपात कॉलम हादरला की ती रिंग उघडते. २०१६ च्या भूकंप नकाशात सांगली तिसऱ्या क्षेत्रात होती, कोयनेचा भाग त्याहून जास्त धोक्याच्या चौथ्यात. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेच्या भूकंपाची पहाट आठवणारी माणसं तुमच्या घरातही असतील, त्यांना विचारा. रिंगेचा हुक नीट वाकवायला पैसे लागत नाहीत, फक्त कुणीतरी बघायला लागतं.

करार स्टँपवर करा. त्यात सिमेंट-सळीच्या कंपन्यांची नावं, विटा कुठल्या, वाळू नदीची की क्रश (दगड दळून केलेली), फरशीचा आणि नळांचा फुटाला किंवा नगाला किती रुपयांपर्यंतचा दर धरलाय, आणि जादा कामाचा दर लिहून आणा. जादा काम तोंडी सांगायचं नाही. ओट्याची जागा बदला, खिडकी मोठी करा, एक कोनाडा काढा, असं घरातली माणसं साइटवर जाऊन सांगत राहतात आणि शेवटच्या बिलात ते लाखभर दिसतं. आईंना आणि पत्नीला नकाशा मंजुरीला जायच्या आधी दाखवा. चुन्यानं प्लॉटवर खोल्या आखून त्यात उभं राहू द्या. बदल तिथं फुकट आहेत.

आता तीन गोष्टी कळवा : दाखला नेमका कशाचा आहे, कपातीआधीचं वर्षाचं उत्पन्न किती, आणि खड्ड्यात मुरूम किती फुटांवर लागला. तिसरी गोष्ट कळेपर्यंत ठेकेदाराला दर पक्का करू नका, उचल तर नाहीच.